पंचाला काढतो कोण?

एखाद्या मंडळाला स्वायत्त असे नाव दिले म्हणजे ते स्वायत्त होत नाही. कामगार चळवळीत आम्ही अनेक पंच व लवाद पाहिले. त्यांतून एक गोष्ट आमच्या मनावर ठसली आहे. पंचाला नेमतो कोण एवढेच विचारून भागत नाही. त्याला काढतो कोण, आणि मुदत संपल्यावर त्याची सोय लावतो कोण, हेही विचारावे लागते. आपल्याकडे इंटरनेटचे दर ज्याच्या अखत्यारीत येतात, त्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा इतिहास या कसोटीस लावून पाहण्याजोगा आहे.

पूर्वी सरकारचे दूरसंचार खातेच तारा ओढी आणि दरही ठरवी. १९९० नंतरच्या दशकात खाजगी कंपन्या या धंद्यात आल्या, तेव्हा खेळाडूनेच पंच व्हावे ही स्थिती अवघड झाली. म्हणून १९९७ साली कायद्याने हे प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय', स्थापन झाले. अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश, आजी अथवा माजी, असावा. मुदत ५ वर्षे. गैरवर्तनासाठी काढायचे तर आधी सर्वोच्च न्यायालयाकडून चौकशी. आणि निवृत्तीनंतर सरकारी नोकरी वर्ज्य, अशी ती रचना होती. न्यायमूर्ती एस. एस. सोधी हे पहिले अध्यक्ष.

प्राधिकरणाने खात्याच्या निर्णयांना हरकत घेताच खटके उडू लागले. परवाने देण्याच्या सरकारच्या अधिकारावर त्याचा अंकुश चालत नाही, असा निकाल १९९८ साली दिल्ली उच्च न्यायालयात लागला. पुढे जानेवारी २००० मध्ये वटहुकूम निघाला व सारे प्राधिकरण नव्याने घडविण्यात आले. तंटे सोडविण्यासाठी वेगळे न्यायाधिकरण झाले. यात तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच फटक्यात सदस्यांची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांवर आली, अध्यक्ष न्यायाधीशच असावा ही अट गेली, आणि काढण्यापूर्वीची सर्वोच्च न्यायालयाची चौकशीही गेली.

उरली होती निवृत्तीनंतरच्या नोकरीची बंदी. मे २०१४ मध्ये माजी अध्यक्ष नृपेंद्र मिश्र यांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव नेमण्यासाठी तीही वटहुकुमाने सैल करण्यात आली. आता बंदी केवळ २ वर्षांची, आणि सरकारची पूर्वपरवानगी असल्यास तेवढीही नाही. मिश्र यांच्या योग्यतेविषयी आमचे काही म्हणणे नाही. एका माणसाच्या सोयीसाठी कायम नियम वाकला, हा प्रश्न आहे.

आणि तरीही ८ फेब्रुवारी २०१६ रोजी याच प्राधिकरणाने एका बलाढ्य कंपनीस नकार दिला. 'फ्री बेसिक्स' या योजनेत फेसबुक निवडक संकेतस्थळे फुकट देणार होते. गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडे बरे, असा युक्तिवाद होता. पण कोणते थोडे, हे कंपनी ठरविणार होती. कंपनीने आपल्या ग्राहकांकरवी ठराविक मजकुराची लाखो पत्रे धाडविली. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नव्हती. दुसरीकडे २०१५ सालीच सामान्य नागरिकांनी १० लाखांहून अधिक पत्रे पाठवून खुल्या इंटरनेटची बाजू मांडली होती. मजकूर पाहून वेगवेगळे दर आकारण्यास प्राधिकरणाने मनाई केली. मोडणाऱ्यास दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख, दंड ठेवला.

हे धैर्य आले कोठून? अध्यक्ष राम सेवक शर्मा हेही सरकारी सेवेतूनच आलेले होते. पण दर ठरविण्याचा अधिकार कायद्याने प्राधिकरणाच्या हाती ठेवला होता, आणि सुनावणी उघड्यावर झाली होती. परवान्यांच्या अटींबाबत मात्र त्याला शिफारसच करता येते. त्यामुळे खुल्या इंटरनेटविषयीच्या २०१७च्या शिफारशी २०१८ साली सरकारने मान्य करीपर्यंत थांबून राहिल्या.

माणूस चांगला निघाला तर आनंदच आहे. परंतु त्यावर विसंबून कोणतीही संघटना टिकत नाही. नवा अध्यक्ष नेमला जाईल तेव्हा आपण त्याचे नाव वाचून वर्तमानपत्र खाली ठेवू नये. त्याची मुदत किती, त्याला काढतो कोण आणि उद्या त्याला नोकरी देतो कोण, एवढे विचारण्याचा हक्क इंटरनेटचे पैसे भरणाऱ्या प्रत्येकाचा आहे.