माणसाच्या आधी पोहोचणारी माहिती

स्थळ सांगून आले की चौकशी करायची, ही आपली जुनी रीत. मुलगा काय करतो, घरची माणसे कशी आहेत, व्यसन वगैरे नाही ना, हे कोणी मामा, कोणी शेजारी, कोणी त्या गावचे ओळखीचे मास्तर सांगत. आता हे काम मोबाइलवर पाच मिनिटांत उरकते. फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन उघडायचे आणि माणूस भेटण्याआधीच त्याच्याविषयी मत बनवून टाकायचे. नोकरी देणारे हे करतात, घरमालक करतात, कांदेपोह्यांच्या आधी दोन्हीकडची मंडळीही करतात. हे सारे इंटरनेटने आणले असे आपल्याला वाटते. पण अनोळखी माणसाची माहिती जमवून ती तिसऱ्याला विकण्याचा धंदा एकशे ऐंशी वर्षांहून जुना आहे. त्याची कथा ऐकण्याजोगी आहे.

ही गोष्ट न्यूयॉर्कची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दूरदूरच्या गावांतले दुकानदार माल भरायला तिथे येत आणि सहा महिने, वर्षाच्या उधारीवर माल नेत. ओळखीचे पत्र हाच काय तो आधार. १८३७ साली मंदी आली, उधारी बुडाली आणि मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. त्यांत टॅपन बंधूंची रेशमाची पेढीही होती. यातला धाकटा भाऊ लुईस टॅपन हा गुलामगिरीविरुद्ध लढणारा कार्यकर्ता म्हणूनही प्रसिद्ध होता. उधारी मागायला येणाऱ्याची माहिती आधीच हाती असेल तर व्यापारी बुडणार नाही, असे त्याच्या मनाने घेतले आणि १८४१ साली त्याने 'मर्कंटाइल एजन्सी' काढली.

तिची पद्धत साधी होती. गावोगावी, बहुधा तिथले वकील, बातमीदार म्हणून नेमायचे. त्यांनी दुकानदाराची मालमत्ता, कर्ज, वय, लग्न, दारू, जुगार, सचोटी यांविषयी गुपचूप लिहून पाठवायचे. ते मजकूर जाडजूड खातेवह्यांत उतरवले जात. वर्गणीदार व्यापारी कचेरीत आला की कारकून त्याला नोंद वाचून दाखवी. अब्राहम लिंकनही वकिली करत असताना काही काळ या एजन्सीचे बातमीदार होते. त्या अडीच हजारांहून अधिक खातेवह्या आज हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत.

आता यातली मेख पाहा. व्यापारी नोंद ऐकत होता, एजन्सी पैसे मिळवत होती. पण ज्याच्याविषयी लिहिले, त्याला मात्र काय लिहिले आणि कोणी लिहिले, याचा पत्ता नव्हता. ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी बिअर्डस्ली नावाच्या दोघा भावांचे दुकान होते. त्यांपैकी एकाची बायको घटस्फोट मागणार असून दुकान बंद पडण्याच्या बेतात आहे, अशी नोंद १८४८ साली झाली. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला. भावांनी बदनामीचा दावा लावला. बातमी कोणी दिली, असे न्यायालयाने विचारले, तेव्हा एजन्सीचा भागीदार बेंजामिन डग्लस याने नाव सांगायला नकार दिला आणि तो तुरुंगात गेला. १८५१ साली ज्यूरीने भावांना दहा हजार डॉलर भरपाई दिली, पण पुढे सुमारे दोन दशकांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. धंदा मात्र वाढतच गेला. आजची 'डन अँड ब्रॅडस्ट्रीट' ही कंपनी त्याच एजन्सीची वारस.

नोंद झालेल्या माणसाला आपली बाजू मांडण्याचा हक्क मिळायला १९७० साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत झालेल्या कायद्याने असे ठरवले की, अशा अहवालावरून नोकरी किंवा कर्ज नाकारले तर त्या माणसाला ते सांगितले पाहिजे, आणि चुकीच्या नोंदीला त्याला हरकत घेता आली पाहिजे. आपल्याकडे पतविषयक माहिती देणाऱ्या कंपन्यांसाठी २००५ साली कायदा झाला. आपला अहवाल मागण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्याने कर्जदाराला दिला.

सोशल मीडियाने हा जुना प्रश्न पुन्हा उभा केला. 'स्पोकिओ' नावाची अमेरिकी कंपनी सोशल मीडियावरून आणि इतर ठिकाणांहून माहिती गोळा करून लोकांची टिपणे बनवत असे. ती नोकरभरतीसाठी विकताना १९७० चा कायदा पाळला नाही, म्हणून २०१२ साली तिला आठ लाख डॉलरचा भुर्दंड पडला. याच कंपनीवर एका गृहस्थाने दावा केला होता. तो विवाहित, मुलाबाळांचा, सुखवस्तू आणि नोकरीत असल्याचे तिने दाखवले होते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्यक्षात तो अविवाहित आणि बेकार होता. वरवर चांगले लिहिले तरी ते चूक असेल तर नोकरी शोधताना बाधते, ही त्याची तक्रार. २०१६ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन खालच्या न्यायालयाकडे परत आले, आणि असे नुकसान खरेच आहे, हे तिथे २०१७ साली मान्य झाले.

पण हा अमेरिकी कायदा माहिती विकणाऱ्या कंपनीला लागू पडतो. साहेबाने स्वतःच, किंवा मुलीच्या काकाने, रात्री मोबाइलवर बोट फिरवून पाहिले तर त्याची नोंद कुठेच नसते. एकाच नावाच्या दुसऱ्याचे पान पाहिले गेले, दहा वर्षांपूर्वीची थट्टा खरी धरली गेली, तरी त्या उमेदवाराला फक्त 'कळवतो' एवढेच ऐकू येते. गावच्या मास्तरांनी काही चुकीचे सांगितले, तर निदान त्यांच्या ओसरीवर जाऊन जाब विचारता येत होता.

चौकशी करू नये असे कोणी म्हणणार नाही. पोटच्या मुलीचे लग्न किंवा दुकानाची किल्ली कोणी डोळे मिटून दुसऱ्याच्या हाती देत नाही. मात्र मोबाइलवर काही खटकले, तर नकार कळवण्याआधी त्या माणसाला समोर बसवून एकदा विचारावे. बिअर्डस्ली बंधूंना माल नाकारण्याआधी कोणी एवढे विचारले नव्हते.