दोन कमानींचा चाकू

लाल मूठ आणि तिच्यावर पांढरा क्रूस असलेला घडीचा चाकू जगभर ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणून ओळखला जातो. मात्र या नावाची उलटतपासणी घेतली, तर ते फारसे टिकत नाही. स्विस सैन्याचे पहिले चाकू आले जर्मनीतून. ज्या नमुन्याला पुढे कीर्ती मिळाली, तो सैन्याने अधिकृतपणे कधी वाटलाच नाही. आणि हे नाव दिले अमेरिकनांनी. मग या चाकूत अस्सल ते काय?

गोष्ट सुरू होते एका रायफलीपासून. १८८९ साली स्विस सैन्याने श्मिट-रुबिन ही नवी रायफल स्वीकारली. ती खोलायला पेचकस लागे. शिवाय शिध्यात डबाबंद अन्न आले होते. दोन्ही कामे एकाच अवजाराने व्हावीत म्हणून ‘१८९०चा नमुना’ ठरला : पाते, टोच्या, डबा उघडायचे पाते आणि पेचकस, मूठ गडद लाकडाची. इतके चाकू करून देण्याची ताकद तेव्हा एकाही स्विस कारखान्यात नव्हती. म्हणून पहिल्या १५,००० चाकूंचे काम जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या वेस्टर कंपनीला मिळाले.

हे ज्याला सलले, तो कार्ल एल्सनर. १८८४ साली त्याने श्वित्स परगण्यातल्या इबाख गावी चाकू-सुऱ्यांचा कारखाना काढला होता. मुलूख गरीब, हाताला काम नाही, माणसे देश सोडून चाललेली. सैन्याचे काम गावात आले तर चार घरे चालतील, हा त्याचा हिशेब. त्याने देशातल्या चाकूकारांचा संघ उभा केला आणि १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. पण झोलिंगेनचा माल स्वस्त पडे. इतर कारागीर एकेक करून बाजूला झाले. एल्सनर कर्जात बुडाला. दिवाळे निघायची वेळ आली, तेव्हा नातेवाइकांनी सावरले.

यातून तो तगला तो एका कमानीमुळे. कमान म्हणजे चाकूच्या पाठीत दडलेली पोलादी स्प्रिंग. पाते उघडे असो वा मिटलेले, तीच ते जागेवर दाबून धरते. एल्सनरने या कमानीच्या दोन्ही बाजू कामाला लावल्या. एका बाजूने पाती टेकतात आणि दुसऱ्या बाजूने टोच्या व बूच काढायचे मळसूत्र. अशा रीतीने केवळ दोन कमानींवर सहा अवजारे बसली आणि चाकू सैनिकी नमुन्यापेक्षा हलका व सुबक झाला. १२ जून १८९७ रोजी ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ या नावाने त्याची नोंदणी झाली. सैन्याने तो कधी वाटला नाही. अधिकारी स्वतःच्या खिशातून पैसे घालून तो घेत.

१९०९ मध्ये आई गेली, तेव्हा एल्सनरने कारखान्याला तिचे नाव दिले : व्हिक्टोरिया. १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद वापरात आले. त्या पोलादाचे ‘इनॉक्स’ हे नाव आईच्या नावाला जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हे चाकू मायदेशी नेले. मूळ जर्मन नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी आपले सोपे नाव ठेवले.

चाकू निवडताना आणि सांभाळताना हा इतिहास कामी येतो. अवजारे मोजण्याआधी पाठीवरच्या कमानी मोजाव्यात. दर नव्या कमानीगणिक जाडी वाढते आणि जाड चाकू खिशात राहत नाही, खणात पडून राहतो. रोजच्या वापराला दोन कमानी पुष्कळ झाल्या. पाते उघडताना आणि मिटताना खट्कन जागेवर बसावे, आडवे हलू नये. खिशातली धूळ सांध्यात साठते. कोमट पाण्यात चाकू चारदोनदा उघडमीट करावा, कोरडा पुसावा आणि सांध्यावर तेलाचा थेंब सोडावा. न गंजणारे पोलादही मिठाने आणि आंबट रसाने डागाळते, म्हणून कैरी किंवा लिंबू कापले की लगेच धुवावे. धार लावताना पाते दगडावर १५ ते २० अंशांत टेकवावे. आणि या चाकूला अटकाव नसतो हे विसरू नये. उलटा जोर पडला तर पाते बोटांवर मिटते.

सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर विमानात चाकू नेण्यावर बंदी आली आणि या चाकूंची विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरली. विमानतळांवरच्या दुकानांतून मोठा खप होत असे, तो एका फटक्यात थांबला. तरीही कंपनीने कामगारांना घरी बसवले नाही. काहींना तर काही काळ इतर कंपन्यांकडे कामाला पाठवले. ज्या हिशेबाने एल्सनरने सैन्याचे काम मागितले होते, तो शंभर वर्षांनंतरही कारखान्याने सोडला नव्हता. हा कारखाना आजही इबाखलाच आहे.