मॉडेल रेल्वेवरील जोडइंजिने
वाफेच्या काळात अवघड चढावरील गाडीला दोन इंजिने लावली, की प्रत्येकावर स्वतंत्र चालक आणि फायरमन लागत व त्यांना शिट्टीच्या खुणांनी परस्परांशी मेळ राखावा लागे. कर्जत ते लोणावळा हा 1:37 चा चढ चढताना गाडीला मागून रेटणारे ‘बँकर’ इंजिन हे याच प्रथेचे महाराष्ट्राला परिचित रूप होय. अनेक डब्यांतील मोटरी एकाच चालकाने हाताळण्याची पद्धत फ्रँक स्प्रेग यांनी 1897 मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी सिद्ध केली, आणि 1939 मध्ये अमेरिकेत अवतरलेल्या एफटी या डिझेल इंजिनाचे प्रत्येकी 1,350 अश्वशक्तीचे चार भाग एकाच चालकाच्या हाताखाली मालगाडी ओढू लागले. पुढे अमेरिकी मालगाडीचे ते नेहमीचेच रूप झाल्याने, तिची प्रतिकृती घडवणाऱ्या हौशी मंडळींनाही तसेच चालन हवे होते.

परंतु त्यांच्या मांडणीत नियंत्रण इंजिनात नसून रुळांत होते. रुळांतील एकदिश प्रवाहाचा दाब वाढवला, की त्या तुकड्यावरील सगळी इंजिने एकदम वेग घेत. त्यामुळे एकत्र धावणे सोपे असले, तरी मागून येऊन गाडीला लागणारे आणि माथ्यावर सुटून परतणारे इंजिन चालवण्यासाठी रुळांचे विद्युत्दृष्ट्या अलग भाग, म्हणजे ‘ब्लॉक’, पाडून सतत बटणे फिरवावी लागत. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाने 1979 मध्ये मांडलेल्या सीटीसी-16 या रचनेत सोळा इंजिनांना स्वतंत्र आज्ञा देता येत, आणि हा विचार जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेल्या डीसीसी या प्रमाणकात परिपक्व झाला. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1990 च्या दशकात ते स्वीकारले. यात रुळांतून वीज आणि आज्ञा एकत्रच वाहतात, आणि इंजिनातील ‘डिकोडर’ नावाचे छोटे सर्किट फक्त स्वतःच्या पत्त्यावर आलेली आज्ञा पाळते.

अशा इंजिनांच्या जोडणीला ‘कन्सिस्ट’ म्हणतात. सर्वांना एकच पत्ता देणे हा तिचा सर्वांत साधा प्रकार. दुसऱ्यात मुख्य नियंत्रक प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा धाडतो. तिसऱ्यात मात्र जोडणीची नोंद खुद्द डिकोडरच्या स्मृतीतील 19 व्या घरात राहते. जोडणीचा पत्ता 10 असेल, तर पुढच्या इंजिनात 10 आणि पाठमोऱ्या इंजिनात 128 मिळवून 138 लिहितात, म्हणजे तोंडे विरुद्ध असूनही दोन्ही एकाच दिशेने निघतात. ही युक्ती अत्यंत देखणी आहे.

तरीही कारागिरीचा खरा कस आकड्यांनी नव्हे, तर वेगजुळणीने लागतो, कारण दोन निर्मात्यांच्या मोटरी आणि दंतचक्रे सारख्याच आज्ञेला निरनिराळा वेग देतात. मग एक इंजिन दुसऱ्याला फरफटत नेते, चाके घसरतात आणि वळणावर हलके डबे रूळ सोडतात. म्हणून इंजिने न जोडता, अंतर ठेवून एकाच मार्गावर सोडतात, कोणते कोणाला गाठते ते पाहतात, आणि आरंभीचा, मधला व कमाल वेग ठरवणारी 2, 6 व 5 ही घरे किंवा 28 पायऱ्यांची संपूर्ण वेगसारणी दुरुस्त करतात. भार वाढताच मोटरीला आपोआप अधिक वीज पुरवून वेग कायम राखणारी डिकोडरची सोय एकट्या इंजिनाला वरदान ठरते. जोडीत मात्र दोन्ही डिकोडर आपापलाच वेग टिकवण्याचा हट्ट धरतात, त्यामुळे अनुभवी हौशी तिची तीव्रता कमी करून उरलेला किरकोळ फरक कपलिंगच्या सैलपणावर सोपवतात.