डिपॉझिट घेणं गुन्हा होतं तेव्हा

जे हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचताय, त्यांच्यासाठी: बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले 'ॲक्च्युअली' काढलेत. तरी एखादा राहिला असेल तर समजून घ्या.

थेट तारखांवर येतो. १३ फेब्रुवारी १९४८ ते ३० मार्च २०००. या बावन्न वर्षांत मुंबई भाडे नियंत्रण कायदा जिथे जिथे लागू होता, तिथे घर भाड्याने देताना ठरलेल्या भाड्याखेरीज वरचे पैसे घेणं हा गुन्हा होता. त्याला पागडी म्हणा, प्रीमियम म्हणा नाहीतर डिपॉझिट म्हणा. मी उगाच ताणून सांगत नाहीये, १९४७ च्या त्या कायद्याच्या कलम १८ मध्ये 'डिपॉझिट' हा शब्दच आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि वर जेवढे पैसे घेतले त्यापेक्षा कमी नाही इतका दंड.

आता आमच्या सावेडीत या. प्रोफेसर कॉलनी, पाईपलाईन रोड, भिस्तबाग, कुठेही 'रूम भाड्याने देणे आहे' ची पाटी बघा आणि फोन लावा. दुसरं वाक्य डिपॉझिटचं. विळद घाटातल्या कॉलेजची पोरं असोत की एमआयडीसीत लागलेली, दोन महिन्यांचं भाडं आधी टाका मग चावी. कोणाला यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटायचं नाही. मी पाच वर्षं पुण्यात फ्लॅट शेअर करून राहिलो, आणि आता घरून काम करतो तर आमच्याच वरच्या मजल्यावर चार पोरं भाड्याने आहेत. म्हणजे भाडेकरूही होतो आणि आता मालकाचा पोरगाही आहे. दोन्हीकडून बघितल्यावर एक प्रश्न पडला: हे पैसे घ्यायची पद्धत सगळ्यांना पाठ आहे, परत द्यायची पद्धत मात्र दर घरी वेगळी कशी?

त्याचं उत्तर सावेडीत मिळत नाही. ते मुंबईत आहे, कारण आपण आज ज्या कायद्याखाली खोली घेतो तो मुंबईच्या घरटंचाईतून घडलाय.

पहिलं महायुद्ध चालू होतं. गिरण्या जोरात, माणसं कोकणातून, घाटावरून येतायत, नवी घरं बांधली जात नाहीयेत. भाडी वाढायला लागली. सरकारने १९१८ मध्ये कायदा आणला आणि भाडं १ जानेवारी १९१६ ला जे होतं त्यावर बांधून टाकलं. युद्धापुरता म्हणून आलेला कायदा. तो विसाच्या दशकातच संपला, पण दुसरं महायुद्ध आलं आणि परत तेच. शेवटी १९४७ चा कायदा झाला आणि 'प्रमाण भाडं' म्हणून १ सप्टेंबर १९४० चा आकडा धरला गेला. तोच पुढे जवळपास सहा दशकं राहिला. कोड लिहिणाऱ्यांना कळेल, टेस्टिंगसाठी टाकलेली व्हॅल्यू प्रॉडक्शनमध्ये गेली आणि कोणी बदललीच नाही.

मग झालं काय, की भाडं कागदावर गोठलं पण खोलीची खरी किंमत वाढत गेली. फाळणीनंतर निर्वासित आले, मागणी अजून वाढली. कागदावरचं भाडं आणि खरी किंमत यांच्यातला फरक कुठेतरी निघणारच होता. तो रोखीत निघाला. त्यालाच पागडी म्हणायचे. पावती नाही, साक्षीदार बहुतेक आपलेच. भाड्याची पावती मात्र नियमित, किरकोळ आकड्याची. आणि खोली सोडताना जुना भाडेकरू नव्याकडून पागडी घ्यायचा, त्यातला साधारण एक-तृतीयांश हिस्सा मालकाला द्यायचा की मालक पावती नव्याच्या नावावर करायचा. भाडेकरूने असे पैसे घेणंही कलम १९ प्रमाणे बेकायदाच होतं. म्हणजे दोघंही चोर, दोघंही खूश, आणि तिसरा येतो तोही तेच करतो.

इथे जरा थांबू, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट इथे आहे. आपण रूममेट लोक आज नेमकं हेच करतो.

पुण्यात मी ज्या फ्लॅटमध्ये राहिलो तिथे माझ्या बेडवर आधी तीन जण होऊन गेले होते. मी डिपॉझिटचा माझा हिस्सा मालकांना दिलाच नाही. सोडून जाणाऱ्या मुलाला जीपे केला. त्यानेही त्याच्या आधीच्याला दिला होता. मालकांच्या खात्यात पैसे गेले होते ते एकदाच, सुरुवातीला, आणि ते देणारा मुलगा तोवर बंगळुरूला. सगळं सुरळीत चाललं. शेवटी आम्ही चौघांनी मिळून फ्लॅट सोडला, तेव्हा मालकांनी रंग, साफसफाई आणि किचन ओट्याचा तडा असं सगळं धरून जवळपास निम्मी रक्कम कापली. तडा आम्ही येण्याआधीचा. पण तो कोणाच्या काळातला, हे सांगणारं घरात कोणी नव्हतंच. पागडीत जसं, तसंच यातही: पैसे हातातून हातात जातात, घराची जबाबदारी मात्र जाता जाता साठत राहते आणि ज्याच्या हातात शेवटी चावी असते त्याच्यावर पडते.

मुंबईत याच काळात एकत्र राहायची एक वेगळी पद्धतही होती. गिरणगावात कोकणातल्या, साताऱ्याकडच्या गावांच्या मंडळांच्या खोल्या असायच्या. गोव्याच्या लोकांचे कूड असायचे, धोबी तलाव, माझगावच्या बाजूला, बोटीवर काम करणारे पुष्कळ जण तिथेच उतरायचे. माणूस गावचा असला की त्याला झोपायला जागा आणि ट्रंक ठेवायला कोपरा. महिन्याची वर्गणी भरायची, जेवण खानावळीत. तिथे खोली मंडळाची, एकट्यादुकट्याची नाही. त्यामुळे एक गेला दुसरा आला तरी 'माझा हिस्सा कोण देणार' हा प्रश्न नाही. वर्गणी बंद, विषय बंद. एका खोलीत कितीतरी माणसं असायची, हाल होते, मला त्याचं उगाच गुणगान करायचं नाहीये. पण हिशोब साधा होता.

परत कायद्याकडे. कलम १८ हे भाडेपट्ट्याबद्दल होतं. मग मालकांनी भाडेपट्टा करायचंच टाळलं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे इझमेंट्स ॲक्टमध्ये, कलम ५२ ला 'लायसन्स' आहे: दुसऱ्याच्या जागेत काहीतरी करायची नुसती परवानगी. हक्क नाही, परवानगी. यातून आलं आपलं 'लिव्ह अँड लायसन्स'. महाराष्ट्रात आजही आपण बहुतेक जण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच, परवानगीवर राहणारे असतो. मालकांना वाटलं सुटलो. पण १९७३ मध्ये सरकारने दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे चालू लायसन्सवर राहत होते त्यांना थेट संरक्षित भाडेकरू केलं. एका तारखेला घरात कोण आहे यावर घराचा ताबा ठरला! जुने मालक 'पोरांना भाड्याने देऊ नका, घर बळकावतील' म्हणतात ना, त्या भीतीमागे हा खरा इतिहास आहे. आमच्या शेजारचे एक काका आजही अकराव्या महिन्याच्या आतच पोरं बदलतात. त्यांना १९७३ ची दुरुस्ती ठाऊक नाही, पण ती भीती त्यांच्यापर्यंत पोचलीय.

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १९४० ला गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. मुंबई प्रांताचा एक, विदर्भाचा एक आणि मराठवाड्यात चालणारा हैदराबादचा एक, असे जुने तिन्ही कायदे जाऊन राज्याला एकच कायदा झाला. लागू ३१ मार्च २००० पासून.

या कायद्याचं कलम ५६ वाचा. मोबाईलवर मिळतं, छोटं आहे. जे घेणं कलम १८ मध्ये गुन्हा होतं, तीच यादी जवळपास त्याच शब्दांत इथे 'कायदेशीर' म्हणून येते. मालकाला प्रीमियम, डिपॉझिट घेता येईल. भाडेकरूला जागा सोडताना पैसे घेता येतील. बावन्न वर्षांचा गुन्हा एका कलमाने व्यवहार झाला. व्यवहार उघड झाला हे बरंच झालं असं माझं मत आहे, कारण चोरून घेतलेल्या पैशाचा दावा लावायला कोण जाणार? पण किती घ्यायचं, कुठे ठेवायचं, किती दिवसांत परत द्यायचं, काय कापता येईल, यातलं काहीही कलम ५६ मध्ये नाही. परवानगी दिली आणि तिथेच थांबले.

मालकाची बाजू मात्र नीट बांधलीय. कलम २४ बघा. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली आणि तुम्ही घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तोवरची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने. तुमचं डिपॉझिट अडकलं तर? साधा दिवाणी दावा. वीस हजारांसाठी कोण वकील लावतो. मालकालाही हे माहीत असतं.

दुसरी एक गंमत. करार नोंदवताना मुद्रांक शुल्क कसं काढतात? एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या सगळ्याच्या ०.२५ टक्के. आठ हजार भाडं, अकरा महिने, म्हणजे ८८,००० झाले. डिपॉझिट २०,००० असेल तर त्यावर अकरा महिन्यांचं व्याज धरलं १,८३३. शुल्क येतं तीनशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. म्हणजे तुमच्या डिपॉझिटवर व्याज होतं हे सरकारला मान्य आहे, ते शुल्कासाठी मोजतातही. फक्त ते तुम्हाला द्यावं असं कुठे लिहिलेलं नाही. 'हेवी डिपॉझिट' घेऊन भाडं नाममात्र ठेवणारे सुटू नयेत म्हणून हा हिशोब कामाचा आहे. दक्षिण कोरियात तर 'जॉन्से' म्हणून हीच मोठी पद्धत आहे, प्रचंड डिपॉझिट आणि महिन्याचं भाडं शून्य. मालकांनी पैसे बुडवल्याची प्रकरणं इतकी झाली की २०२३ मध्ये फसलेल्या भाडेकरूंसाठी खास कायदा करावा लागला.

बाकी देशांचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने १९७७ मध्ये डिपॉझिट मालकाकडे न ठेवता सरकारी मंडळाकडे ठेवायची सोय केली. इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून ते मान्यताप्राप्त योजनेतच ठेवावं लागतं. जर्मनीत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि व्याज भाडेकरूचं. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला, त्यात घरासाठी जास्तीत जास्त दोन महिने आणि ताबा घेताना परतफेड असं आहे. पण तो राज्यांनी स्वीकारला तरच. आपल्याकडे चालतो तो १९९९ चाच.

आणि त्या १९९९ च्या कायद्यात भाडेकरूच्या हाताला लागणारं एकच कलम आहे, ५५. करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदवलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. सावेडीत निम्मे व्यवहार स्टॅम्पपेपरवर नोटरी करून उरकतात, कोणाकोणाचे तर नुसत्या तोंडी शब्दावर. नोटरी म्हणजे नोंदणी नाही. हे मालकाला शांतपणे सांगून बघा, आवाज खाली येतो. आमच्या पप्पांचाही आला होता.

त्यानंतर आमच्याकडे करार ऑनलाइन नोंदवला. वरच्या चौघांचीही नावं त्यात घातली, एकाचंच नाही. डिपॉझिट चौघांनी आपापल्या खात्यातून पप्पांना पाठवलं. मार्चमध्ये एक जण नोकरी लागून गेला तेव्हा पप्पांनी खोली बघितली, फॅनच्या रेग्युलेटरचे साडेतीनशे कापले, बाकी त्याच्या खात्यात टाकले, आणि नवीन आलेल्याकडून वेगळे घेतले. पोरं म्हणाली, काका कशाला एवढा व्याप, आम्ही आपसात केलं असतं. पप्पा म्हणाले, तुमच्या आपसातलं शेवटी माझ्याच दारात भांडण होऊन येतं.

'अनामत' हा शब्द आपल्याकडे आला तो 'अमानत' वरून, विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवायला दिलेली वस्तू. ठेवायला दिलेली, दिलेली नव्हे. तुमचं कोणाकडे अडकलं असेल तर आधी व्हॉट्सॲपवरची भांडणं थांबवा आणि लेखी नोटीस पाठवा, तारीख, रक्कम, खाते क्रमांक टाकून. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि 'पुढच्या महिन्यात देतो' ऐकता ऐकता ती कधी सरते कळत नाही.

पुढच्या भागात बीडीडी चाळी. तोवर भेटूया.