जुबैलचे फेअरचाइल्ड ७१ आणि जुनी विमाने पुन्हा उडवण्याची विद्या

सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरील जुबैल हे नाव आज पेट्रोकेमिकलचे कारखाने, तेलशुद्धीकरण प्रकल्प आणि खतनिर्मिती यांच्याशी जोडले गेले आहे. १९७५ साली जुबैल आणि यान्बू या दोन शहरांसाठी शाही आयोग स्थापन झाल्यानंतर येथे जी औद्योगिक नगरी उभी राहिली, तिच्या उभारणीत आणि देखभालीत महाराष्ट्रातून, विशेषतः कोकणातून गेलेल्या फिटर, वेल्डर आणि इंजिनिअरांचाही हातभार लागला आहे. त्यापूर्वीचे जुबैल मोती काढणाऱ्यांचे आणि कोळ्यांचे लहानसे बंदर होते. या दोन जुबैलांच्या मधल्या काळात, १९३४ च्या मार्चमध्ये, येथे एका इंजिनाचे फेअरचाइल्ड ७१ हे विमान येऊन पोहोचले. तेलाचा इतिहास बहुधा विहिरींच्या क्रमाने सांगितला जातो आणि या विमानाचा उल्लेख त्यात ओझरता येतो. प्रत्यक्षात मात्र विहीर कोठे खणायची हे ठरवण्यासाठी लागणारा नकाशा घडवण्यात या विमानाचा वाटा मोठा होता. म्हणूनच असे विमान कसे घडले होते, ते काय काम करत होते आणि त्या पिढीतील विमान आज पुन्हा उड्डाणक्षम करायचे झाल्यास कोणती विद्या लागते, हे तिन्ही प्रश्न एकत्र पाहावे लागतात.

२९ मे १९३३ रोजी जेद्दा येथे सौदी शासन आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीत तेलशोधाचा करार झाला. करारावर शासनातर्फे अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान यांनी, तर कंपनीतर्फे लॉइड हॅमिल्टन यांनी सही केली. शेजारच्या बहरीन बेटावर आदल्याच वर्षी तेल लागले होते आणि समोरच्या मुख्य भूमीवरील दम्माम परिसरातील टेकड्यांची घडण बहरीनसारखीच असावी, असा भूवैज्ञानिकांचा कयास होता. २३ सप्टेंबर १९३३ रोजी बर्ट मिलर आणि क्रुग हेन्री हे पहिले दोन भूवैज्ञानिक जुबैलच्या किनाऱ्यावर उतरले, आणि उंट व मोटारी यांच्या साह्याने काम सुरू झाले. मात्र कराराखालचा प्रदेश इतका अफाट होता, आणि त्याचे विश्वासार्ह नकाशे इतके थोडे होते, की केवळ जमिनीवरून त्याची पाहणी करायला वर्षानुवर्षे लागली असती. या अडचणीवर तोडगा म्हणून कंपनीने विमान आणण्याचे ठरवले. भूवैज्ञानिक आणि वैमानिक असलेले डिक केर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स रोशव्हिल यांनी ते जहाजाने इजिप्तपर्यंत आणले, आणि तेथून बगदाद व बसरा मार्गे उडवत जुबैलला पोहोचवले.

या कामासाठी फेअरचाइल्डचीच निवड व्हावी, यामागे त्या विमानाचा स्वतःचा इतिहास होता. शर्मन फेअरचाइल्ड हे मुळात विमान बनवणारे नव्हते, तर हवाई छायाचित्रणाचे कॅमेरे बनवणारे होते, आणि त्यांच्या कंपनीने १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाचा संपूर्ण नकाशा आकाशातून काढलेली छायाचित्रे जोडून तयार केला होता. त्या काळच्या उघड्या विमानांत छायाचित्रकाराला वारा, थंडी आणि कंप यांचा त्रास सोसावा लागत असे. म्हणून त्यांनी बंदिस्त केबिनचे, पंख डोक्यावर असलेले आणि खालची जमीन मोकळेपणी दिसू देणारे विमान स्वतःच बांधायला घेतले. १९२६ च्या पहिल्या नमुन्यापासून सुधारत आलेल्या या मालिकेतील फेअरचाइल्ड ७१ हे सात आसनांचे, सुमारे १५ मीटर पंखविस्ताराचे आणि ४२० अश्वशक्तीचे वास्प इंजिन बसवलेले विमान होते. त्याचे पंख मागे दुमडता येत असल्याने ते कमी जागेतही ठेवता येई. थोडक्यात, हे विमान कॅमेऱ्याच्या गरजेतून जन्माला आले होते, आणि जुबैलमध्ये त्याच्याकडून तेच काम घेतले गेले.

वाळवंटासाठी त्यात काही बदल केले होते. मऊ वाळूत चाके रुतू नयेत म्हणून नेहमीपेक्षा मोठे टायर बसवले होते. हवेचा दाब कमी असलेला रुंद टायर विमानाचे वजन अधिक जागेवर वाटून देतो आणि त्यामुळे वाळूचा वरचा थर फारसा मोडत नाही, हे तत्त्व पुढे वाळवंटी मोटारींसाठीही वापरले गेले. सरळ खाली पाहणारी छायाचित्रे घेण्यासाठी विमानाच्या तळात झरोका होता, आणि तिरकी छायाचित्रे घेण्यासाठी बाजूच्या खिडक्या काढता येत असत. एकमेकांना समांतर अशा रेषांत उड्डाण करायचे, दोन्ही बाजूंना दिसणारे डोंगर, ओहोळ, सब्खा म्हणजे खारट पाणथळ जमीन आणि वाळूच्या टेकड्या यांची टिपणे काढायची, आणि जेथे खडकांचे थर घुमटासारखे वर उचललेले दिसतील ती जागा जमिनीवरील तुकडीला कळवायची, अशी कामाची पद्धत होती. एखाद्या भूघुमटाचा माथा वाऱ्याने झिजला की त्याचे थर वेगवेगळ्या रंगांच्या वलयांसारखे उघडे पडतात. जमिनीवर चालणाऱ्या माणसाला त्यांचा एखादाच कंगोरा दिसतो, पण काही हजार फुटांवरून ते पूर्ण वलय एका दृष्टिक्षेपात येते. १९३८ च्या मार्चमध्ये दम्माम येथील सातव्या विहिरीला व्यापारी प्रमाणात तेल लागले, आणि त्यानंतर तेलशोध जसजसा आत सरकत गेला, तसतसे या सुरुवातीच्या पाहणीचे मोल वाढत गेले.

याच काळात मुंबईचे आकाशही या किनाऱ्याशी जोडले जात होते. ब्रिटनच्या इंपीरियल एअरवेजने १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये आपला पूर्वेकडचा मार्ग इराणच्या किनाऱ्यावरून आखाताच्या अरबी बाजूस हलवला, आणि बहरीन व शारजा येथे थांबत त्यांची विमाने कराचीस येऊ लागली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत जे ऐतिहासिक उड्डाण केले, ते याच विमानसेवेने आलेल्या टपालाला पुढे नेणारे होते. त्यांचे पुस मॉथ विमान फेअरचाइल्डपेक्षा बरेच लहान होते, परंतु घडणीच्या दृष्टीने दोन्ही एकाच कुळातील होती: पोलादी नळ्यांचे धड, लाकडी पंख, आणि दोन्हींवर ताणून बसवलेले कापड. या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या टाटांनी लेपर्ड मॉथ या त्याच काळातील विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. अर्धशतकापूर्वीचे विमान तेव्हा समुद्रकिनाऱ्यालगत इतके अंतर कापू शकले, कारण दरम्यानच्या काळात कोणी ना कोणी त्या बनावटीची विमाने उडती ठेवली होती.

जुने विमान जतन करण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांत मूलभूत फरक आहे. संग्रहालयात उभ्या करायच्या विमानाचे बाह्य रूप अचूक असले, की काम बहुतांशी साधते. आतली नळी गंजलेली असली तरी ती रंगाखाली झाकून ठेवता येते. उड्डाणक्षम विमानात अशी सवलत नसते. त्याचा प्रत्येक भार वाहणारा भाग तपासला गेला पाहिजे, बदललेल्या प्रत्येक भागाचा दर्जा कागदोपत्री सिद्ध झाला पाहिजे, आणि शेवटी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेकडून ते उडण्यास योग्य असल्याचा दाखला मिळाला पाहिजे. पहिल्या मार्गाने विमानाचे रूप टिकते, तर दुसऱ्या मार्गाने ते घडवण्याची आणि चालवण्याची विद्याही टिकते.

फेअरचाइल्डच्या वर्गातील विमानाचे धड पोलादी नळ्या वेल्डिंगने जोडून बनवलेले असते, आणि जेथे चार-पाच नळ्या एका बिंदूत मिळतात, ते सांधे तपासणीची पहिली जागा ठरतात. नळी बाहेरून निर्दोष दिसत असली तरी आत शिरलेल्या दमटपणाने ती आतून पातळ झालेली असू शकते. विशेषतः विमान शेपटीवर टेकून उभे राहत असल्यामुळे पाणी मागच्या, सर्वांत खालच्या नळ्यांत साचते आणि गंज तेथूनच लागतो. म्हणून सगळे कापड उतरवून, जुना रंग काढून सांगाडा उघडा केला जातो, संशयास्पद नळ्या कापून त्याच मापाच्या नव्या नळ्या बसवल्या जातात, आणि शेवटी नळ्यांच्या आत जवसाचे तेल फिरवून त्याचा पातळ थर गंजरोधक म्हणून ठेवण्याची जुनी पद्धत पाळली जाते. जुबैलसारख्या ठिकाणी, जेथे उन्हाळ्यात उष्णता पराकोटीची असते आणि समुद्राची खारट दमट हवा सतत वाहते, तेथे ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

पंखांची गोष्ट निराळी आहे. पंखाचा भार पेलणारी लांब तुळई, जिला स्पार म्हणतात, आणि पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या लाकडाच्या असतात. त्या काळी हे जोड बहुधा दुधातील प्रथिनापासून बनवलेल्या केसीन सरसाने चिकटवलेले असत, आणि हा सरस वर्षानुवर्षांच्या दमटपणाने कुजतो. लाकूड कोरड्या हवेत आक्रसले की बोल्टांची पकड सैल होते आणि भोकांभोवती बारीक तडे जातात, म्हणून कारागीर प्रत्येक भोक भिंगाखाली तपासतो. लाकडाचे काम पुरे झाल्यावर त्यावर कापड चढवले जाते, आणि ते फासळ्यांना मेणवलेल्या दोऱ्याने ठरावीक अंतरावर टाके घालून बांधले जाते. इंजिनाने फिरणाऱ्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, झोताखाली येणाऱ्या भागात हे टाके अधिक जवळ घातले जातात, कारण तेथे कापडावरचा ताण जास्त असतो. त्यावर डोप नावाचे सेल्युलोजयुक्त रोगण थरावर थर दिले जाते. डोप वाळताना कापड आक्रसते आणि ढोलकीच्या पानासारखे ताठ होते, आणि त्यानंतरच त्या पंखाला हवेत आपला आकार टिकवता येतो.

इंजिनाच्या बाबतीत फेअरचाइल्ड सुदैवी म्हणावे लागेल. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे वास्प हे नऊ सिलिंडरांचे, सुमारे २२ लिटर क्षमतेचे आणि हवेने थंड होणारे इंजिन १९२५ मध्ये प्रथम चालवले गेले, आणि पुढील काही दशकांत त्याची हजारो इंजिने तयार झाली. त्यात सिलिंडर एका केंद्राभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बसवलेले असल्याने उभ्या विमानात तेल हळूहळू खालच्या सिलिंडरांत उतरते. द्रव पदार्थ दाबला जात नसल्यामुळे अशा स्थितीत इंजिन एकदम सुरू केले तर आतला दांडा वाकू शकतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने सावकाश फिरवून तेल अडलेले नाही याची खात्री करून घेतली जाते. भारतीय हवाई दलाने अनेक वर्षे प्रशिक्षणासाठी वापरलेल्या हार्वर्ड विमानातही याच मालिकेतील अधिक शक्तीचे इंजिन होते. एखादे विमान दुर्मीळ असले तरी त्याचे इंजिन दुर्मीळ नसेल, तर त्याला पुन्हा उडवण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते.

अशा कामाचे भारताशी निगडित अलीकडचे उदाहरण म्हणजे डकोटा हे विमान. तत्कालीन खासदार राजीव चंद्रशेखर यांनी भंगारात गेलेले एक डकोटा २०११ मध्ये मिळवले आणि इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे त्याचा जीर्णोद्धार करवून घेतला. हवाई दलाला ते भेट देण्याचा प्रस्ताव सुरुवातीला स्वीकारला गेला नाही. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्याला होकार मिळाला. १९४७ च्या २७ ऑक्टोबरला श्रीनगरच्या धावपट्टीवर सैनिक उतरवणाऱ्या डकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक या विमानाला देण्यात आला, आणि त्याचे नाव परशुराम ठेवण्यात आले. १७ एप्रिल २०१८ रोजी ते कॉव्हेंट्रीहून निघाले आणि फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहरीन व ओमान असे थांबे घेत जामनगरला पोहोचले. फेअरचाइल्डने १९३४ मध्ये ज्या भूभागाकडे उत्तरेकडून झेप घेतली होती, त्याच भूभागावरून चौऱ्याऐंशी वर्षांनी एक जीर्णोद्धार केलेले विमान स्वतःच्या इंजिनांच्या बळावर भारताकडे गेले. ते जहाजात घालून आणले असते, तर त्याची उड्डाणक्षमता सिद्ध झाली नसती.

जुबैलच्या संदर्भात या विद्येचा विचार करताना एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. येथील कारखान्यांत शटडाऊनच्या काळात, म्हणजे दुरुस्तीसाठी प्रकल्प बंद असताना, पाइपांचे आणि दाबपात्रांचे सांधे न फोडता तपासले जातात: रंगीत द्रव लावून पृष्ठभागावरची चीर शोधणारी डीपी टेस्ट, चुंबकीय कणांनी घेतली जाणारी चाचणी, जाडी मोजणाऱ्या ध्वनिलहरी आणि एक्स-रेने होणारी रेडिओग्राफी. जुन्या विमानाच्या पोलादी सांध्यांना आणि इंजिनाच्या भागांना याच चाचण्यांतून जावे लागते. विमानाचे नियम आणि परवाने स्वतंत्र आहेत हे खरे. परंतु धातू कोठे थकतो, वेल्ड कोठे फसवते आणि कागदावर न नोंदलेली दुरुस्ती किती घातक असते, याची जाण जुबैलच्या कामगारवर्गात, आणि त्यातील मराठी माणसांतही, रोजच्या कामातून मुरलेली आहे.

ज्या गावाच्या आधुनिक इतिहासात विमानाने आकाशातून काढलेल्या नकाशाला इतके मोल होते, त्या गावात फेअरचाइल्ड ७१ च्या कुळातील एखादे विमान उड्डाणक्षम अवस्थेत असावे, ही अपेक्षा केवळ स्मरणरंजनाची नाही. छायाचित्रे आणि अहवाल त्या मोहिमेत काय दिसले हे सांगतात. वाळूवर उतरताना टायर किती दाबला जातो, खालच्या झरोक्यातून जमीन किती वेगाने सरकते आणि कंप पावणाऱ्या केबिनमध्ये टिपण काढणे किती कठीण असते, हे मात्र उडणारे विमानच सांगू शकते. इतिहासाचा हा पुरावा कारागिरांच्या हातांवाचून वाचता येत नाही, आणि ते हात एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे काम करता करताच घडतात. म्हणून जुने विमान पुन्हा आकाशात नेण्यावर होणारा खर्च आणि श्रम हे इतिहासलेखनाचेच अंग मानले पाहिजेत, आणि ज्यांच्याकडे असे विमान, सुटे भाग किंवा त्यांची विद्या शिल्लक आहे, त्यांनी ती नव्या माणसांना शिकवण्याचे काम लांबणीवर टाकता कामा नये.