हल्स-टेलर द्वैती पल्सार

हल्स-टेलर द्वैती पल्सार (सूचीतील नाव: पीएसआर बी१९१३+१६) ही परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी आहे. ती आपल्या आकाशगंगेत, गरुड तारकासमूहाच्या दिशेला आहे. या जोडीतील एक तारा पल्सार, म्हणजे स्पंदक तारा, असून द्वैती रचनेत आढळलेला हा पहिलाच पल्सार होय. रसेल हल्स व जोसेफ टेलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७४ साली त्याचा शोध लावला. या जोडीची कक्षा हळूहळू आकुंचन पावत आहे. हे आकुंचन म्हणजे गुरुत्वीय लहरींच्या अस्तित्वाचा पहिला निरीक्षणसिद्ध पुरावा मानला जातो. या शोधासाठी हल्स व टेलर यांना १९९३ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पार्श्वभूमी

प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचा स्फोट होऊन अंत झाल्यावर काही वेळा त्याचा गाभा न्यूट्रॉन ताऱ्याच्या रूपात उरतो. सूर्यापेक्षा अधिक वस्तुमान अशा ताऱ्यात सुमारे २० किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात सामावलेले असते. हा गोळा स्वतःभोवती फिरत असताना त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओ लहरींचा झोत दीपगृहाच्या प्रकाशाप्रमाणे अवकाशात फिरतो. तो दर फेरीला पृथ्वीवरून जात असल्यास ठरावीक अंतराने स्पंद नोंदले जातात. अशा ताऱ्यास पल्सार म्हणतात. पहिला पल्सार १९६७ साली केंब्रिज येथे जोसलिन बेल व अँटनी ह्युइश यांच्या निरीक्षणांत सापडला. स्पंदांच्या नियमिततेमुळे पल्सार अतिशय अचूक घड्याळाचे काम करतो.

वस्तुमानांच्या प्रवेगी हालचालीमुळे अवकाश-काळात लहरी निर्माण होतात, असे भाकीत अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या आधारे १९१६ साली केले. तथापि १९३६ साली नेथन रोझेन यांच्यासमवेत काम करताना खुद्द आइन्स्टाइन यांनाच या लहरींविषयी शंका वाटली होती. या लहरी ऊर्जा वाहून नेतात की त्या केवळ गणिती मांडणीचा भास आहेत, हा वाद १९५० च्या दशकापर्यंत चालू होता. वाद मिटण्यास प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड हवी होती. परंतु प्रयोगशाळेत निर्माण करता येतील अशा गुरुत्वीय लहरी मोजमापाच्या पलीकडे क्षीण असतात.

शोध

हल्स हे त्या वेळी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करणारे विद्यार्थी होते. प्वेर्तो रिको येथील ३०५ मीटर व्यासाच्या आरेसिबो रेडिओ दुर्बिणीतून नवे पल्सार शोधताना त्यांना ०.०५९ सेकंद आवर्तकाल असलेला, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ फेऱ्या घेणारा, पल्सार आढळला. त्याचा आवर्तकाल मात्र स्थिर नव्हता. तो कमी-अधिक होत होता आणि हा बदल दर ७ तास ४५ मिनिटांनी पुन्हा तसाच घडत होता. पल्सार पृथ्वीकडे येताना स्पंद दाटतात व दूर जाताना विरळ होतात. यावरून तो एका अदृश्य सोबत्याभोवती फिरत आहे, हे उघड झाले. सोबत्याचे स्पंद मिळालेले नाहीत. परंतु त्याचे वस्तुमान व कक्षेचे स्वरूप यांवरून तोही न्यूट्रॉन तारा असल्याचे मानले जाते.

कक्षा व वस्तुमान

दोन्ही ताऱ्यांची कक्षा बरीच लांबट आहे. तिची विमध्यता सुमारे ०.६१७ आहे. संपूर्ण कक्षा सूर्याच्या व्यासाच्या काही पटींत मावेल एवढीच असल्याने सापेक्षतेचे परिणाम येथे ठळकपणे दिसतात. ताऱ्यांमधील अंतर जेथे सर्वांत कमी होते, तो कक्षेतील बिंदू दरवर्षी ४.२ अंशांनी पुढे सरकतो. बुध ग्रहाच्या कक्षेत सापेक्षतेमुळे होणारे असेच सरकणे शतकाला केवळ ४३ विकला आहे.

याखेरीज सोबत्याच्या जवळ असताना, त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे व स्वतःच्या वाढलेल्या वेगामुळे पल्सारचे घड्याळ मंद चालते. हा परिणामही मोजता आला. या दोन मोजमापांवरून पल्सारचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४४ पट व सोबत्याचे सुमारे १.३९ पट असल्याचे निश्चित झाले.

गुरुत्वीय लहरींचा पुरावा

वस्तुमाने व कक्षा ठरल्यावर सिद्धांतात पदरचा कोणताही आकडा घालण्यास वाव राहत नाही. ही जोडी गुरुत्वीय लहरींच्या रूपाने किती ऊर्जा गमावेल व परिणामी तिचा कक्षीय आवर्तकाल किती वेगाने घटेल, हे सिद्धांतच सांगतो. त्यानुसार ही घट वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंद असावयास हवी.

एवढी सूक्ष्म घट लक्षात येते ती साठत जाते म्हणून. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा किंचित लवकर पूर्ण होते आणि ही तफावत काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कक्षा न बदलती, तर ज्या क्षणी तारे सर्वांत जवळ आले असते, त्याच्या ते एका वर्षानंतर सुमारे ०.०४ सेकंद, १० वर्षांनंतर सुमारे ४ सेकंद आणि ३० वर्षांनंतर सुमारे ३९ सेकंद आधीच जवळ येतात.

टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या निरीक्षणांच्या आधारे ही घट १९७८ च्या अखेरीस जाहीर केली. पुढील मोजमापे अधिक काटेकोर झाल्यावर एक दुरुस्ती आवश्यक ठरली. सूर्यमाला व ही जोडी आकाशगंगेच्या केंद्राभोवती वेगवेगळ्या प्रवेगाने फिरत असल्याने आवर्तकालात आभासी फरक पडतो. तिबो दामूर व टेलर यांनी १९९१ साली तो हिशेबात घेतला. ही दुरुस्ती केल्यावर निरीक्षण व सिद्धांत यांच्यात सुमारे ०.२ टक्क्याच्या आत मेळ बसतो. कक्षा अशीच लहान होत राहिल्यास सुमारे ३० कोटी वर्षांनी हे तारे एकमेकांत विलीन होतील.

हा पुरावा अप्रत्यक्ष आहे. येथे पृथ्वीवर पोहोचलेली लहर पकडलेली नाही. लहरी निघून गेल्यामुळे उगमस्थानी पडलेली ऊर्जेची तूट मोजलेली आहे. गुरुत्वीय लहर प्रत्यक्ष प्रथम नोंदली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील लायगो वेधशाळेत. ती दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आली होती. हल्स-टेलर जोडीचे जे भवितव्य आहे, तशा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची लहर १७ ऑगस्ट २०१७ रोजी नोंदली गेली.

इतर द्वैती पल्सार

ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीतून २००३ साली सापडलेल्या पीएसआर जे०७३७-३०३९ या जोडीतील दोन्ही तारे पल्सार असल्याचे पुढे आढळले. सुमारे २.४ तासांत एक फेरी घेणाऱ्या या जोडीने गुरुत्वीय लहरींविषयीचे भाकीत अधिकच काटेकोरपणे पडताळता आले.

पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ, खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतून २००४ साली एनजीसी १८५१ या तारकागुच्छात एक द्वैती पल्सार सापडला. त्याची कक्षा हल्स-टेलर जोडीपेक्षाही लांबट असून तिची विमध्यता सुमारे ०.८९ आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित असून केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली तिच्या उभारणीस मंजुरी दिली.