‘पायलट’ घड्याळाची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धात वैमानिकाचे घड्याळ हे मार्ग शोधण्याचे साधन होते. वेग आणि उड्डाणाचा वेळ यांवरून अंतर काढावे लागे. म्हणून काळी तबकडी, ठळक पांढरे अंक, अंधारात चमकणारे काटे. पुढे ब्रिटिश हवाई दलाच्या ‘मार्क ११’मध्ये चुंबकत्वापासून बचावासाठी यंत्राभोवती मऊ लोखंडाचे कवच आले.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे सुरू केली. तिच्या चावीच्या ‘पायलट’ने ती काळी तबकडी सामान्यांच्या मनगटावर आणली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत अनेक गावांत वीज उशिरा पोहोचली. तिथे कंदिलाच्या उजेडातही ती वाचता येई.

२०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. मित्रहो, घरी जुने ‘पायलट’ असेल तर भंगारात देऊ नका. चावी देऊन पाहा.